गाडी भरताना आणि कच्च्या वाटेवर हाकताना: फोर बाय फोर घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

२०२० मध्ये नवी थार आली, मग जिम्नी आली, गुरखाही नव्या रूपात दिसू लागली. जुन्या जिप्सीवाल्यांबरोबर आता घाटमाथ्यावर पहिल्यांदाच कच्च्या वाटेवर उतरणारे पुष्कळजण भेटतात. गाडी कशी निवडायची, हे त्यांना तोंडपाठ असतं. ती भरायची कशी आणि भरलेली गाडी चालवायची कशी, हे मात्र शोरूममध्ये कोणी सांगत नाही. नव्या लोकांना बरोबर नेताना जे प्रश्न दर वेळी येतात ते इथे एकत्र केले आहेत. पुणे, सातारा, रायगड, नाशिक भागातल्या वाटा आणि आपला पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

गाडीत नेमकं किती वजन भरता येतं?

बहुतेकांना वाटतं त्याच्या निम्मंच. मॅन्युअलमध्ये दोन आकडे शोधा. एक, रिकाम्या गाडीचं वजन. दुसरा, माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची भरण्याची मर्यादा.

पाच दारांच्या जिम्नीचं उदाहरण घेऊ. रिकामी गाडी साधारण १,१९५ ते १,२१० किलो, एकूण मर्यादा १,५४५ किलो. म्हणजे हातात उरले ३३५ ते ३५० किलो. ७५ किलोची चार माणसं बसली की ३०० संपले. उरलेल्या ३५ ते ५० किलोत तंबू, चूल, पाणी, कपडे, हत्यारं आणि दोर. वीस लिटर पाण्याचे दोन कॅन घेतले की तेवढ्यानेच ४० किलो होतात. आता पुढे लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढायचं यंत्र) लावलेली असेल, टपावर कॅरिअर असेल, तर चौथा माणूस बसायच्या आधीच गाडी मर्यादेच्या पुढे गेलेली असते.

नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू या हिशेबात धरायची. कंपनीच्या रिकाम्या वजनात ती नसते. जाड पत्र्याचा बंपर ४०-५० किलोंचा सहज असतो, लोखंडी तारेची विंच ३०-४० किलोंची.

वजन मोजायचं कुठे?

वजनकाट्यावर. हमरस्त्यालगत, बाजार समितीजवळ, साखर कारखान्याच्या वाटेवर काटे असतात आणि थोड्या पैशांत पावती मिळते. एकदा सहलीला निघताना असते तशी पूर्ण भरलेली गाडी, माणसांसकट, काट्यावर चढवा. मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वेगळं वजन घ्या आणि फक्त मागची चाकं घेऊन वेगळं. तीन आकड्यांत तुमच्या गाडीबद्दल जे कळतं ते कुठल्याही चर्चेत कळणार नाही.

पण जास्त वजनानेही गाडी ओढते की. मग बिघडतं काय?

ओढते, कारण इंजिनात आणि लो गिअरमध्ये (वेग कमी, ओढ जास्त) ताकद भरपूर आहे. अडचण थांबताना येते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना मिळणारी ताकद, गाडीला चालायला मदत करते, थांबायला करत नाही. ब्रेक तेवढेच आहेत, टायरची पकड तेवढीच आहे, आणि वजन मात्र दोनशे किलोंनी वाढलंय. लांब उतारावर ब्रेक तापतात, पेडल दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही, जळका वास येतो.

दुसरं, स्प्रिंगा आधीच अर्ध्या दबलेल्या असतात. खड्ड्यात चाक आपटलं की सस्पेन्शन थेट तळाला लागतं, शॉकअपची सील फुटते, जुन्या जीपचा पाटा तुटतो. गाडी खाली बसल्यामुळे पोटाखालची उंचीही घटते. कागदावर थारला २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे, पण भरलेल्या गाडीखाली पट्टी धरून बघा. ज्या दगडावरून मागच्या वेळी गाडी अलगद गेली, तोच दगड या वेळी पोटाला घासतो.

जड सामान कुठे ठेवायचं?

खाली, आणि दोन्ही ॲक्सलांच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांच्या, मध्ये. म्हणजे मागच्या सीटच्या पायापाशी, किंवा सीट काढली किंवा घडी केली असेल तर पुढच्या सीटांच्या पाठीला टेकून, जमिनीवर.

मागच्या दारावर वजन टांगायची सवय फार वाईट आहे. थारचा व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलांमधलं अंतर, २,४५० मिलिमीटर. मागच्या ॲक्सलपासून ८० सेंटिमीटर मागे तुम्ही ६० किलो लटकवले तर मागच्या चाकांवर साठ नव्हे, जवळपास ८० किलो येतात, कारण मागच्या ॲक्सलवर टेकून ते वजन पुढचा भाग उचलतं. पुढच्या चाकांवरचे २० किलो कमी होतात. सपाट रस्त्यावर जाणवणार नाही. ओल्या, उभ्या चढावर पुढची चाकं आधीच हलकी झालेली असतात, तिथे स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही आणि चालक म्हणतो, टायर खराब आहेत.

तीन दारांच्या गाडीत दोघंजण दोन रात्रींसाठी निघतात तेव्हा सामान कसं लावायचं ते सविस्तर सांगते. मागची सीट घडी केलेली. सर्वांत आधी पाण्याचे कॅन, पुढच्या सीटांच्या पाठीला चिकटून, उभे आणि शेजारी शेजारी. दोन्ही कॅनच्या मधे हत्यारांची पेटी, म्हणजे कॅन सरकत नाहीत. मग शिधा आणि भांड्यांचा खोका, त्याचं तोंड मागच्या दाराकडे. त्यावर तंबू, झोपायच्या पिशव्या, कपडे: मऊ आणि हलकं तेवढंच वर. सीटच्या पाठीच्या उंचीपलीकडे काही नाही, म्हणजे मागचा आरसा मोकळा. अगदी शेवटी, दार उघडताच हाती यावं म्हणून, दोर, शॅकल (दोर अडकवायची मजबूत कडी), हातमोजे आणि फावडं. प्रथमोपचाराची पेटी मात्र मागे नको, ती चालकाच्या किंवा शेजारच्या सीटजवळ. गाडी कलंडली तर मागचं दार उघडेलच असं नाही.

टपावर कॅरिअर लावलं तर?

हलक्या सामानासाठी लावा. मॅन्युअलमध्ये टपाच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, ती वाचा, आणि त्या मर्यादेत कॅरिअरचं स्वतःचं वजनही येतं हे धरा. शिवाय ती मर्यादा रस्त्यासाठी असते. खडबडीत वाटेवर हादऱ्यांनी तेच वजन कितीतरी पट जोराने आदळतं, म्हणून कॅरिअर बनवणारे काही उत्पादक आकड्याला दीडने भागायला सांगतात. ६० किलोंचे ४० झाले.

पाणी, इंधन, जास्तीचं चाक यांतलं काहीही टपावर नको. तिथलं वजन गाडीचा तोल वर नेतं, आणि आडव्या उतारावर कलंडायला तेवढंच कारण पुरतं. कापडी टप असलेल्या गाडीवर तर विचारही नको.

सामान इलॅस्टिकच्या दोरीने बांधलं तर चालेल ना?

चटई चालेल, पेटी नाही. ताणणारी दोरी हादऱ्याबरोबर ताणते आणि सामान मोकळं करते. रॅचेटचा पट्टा वापरा आणि तो गाडीच्या पत्र्यात बसवलेल्या लोखंडी कडीला अडकवा, प्लॅस्टिकच्या हुकाला नाही.

हे का, ते आकड्यात बघा. गाडी ताशी ४० च्या वेगाने आहे आणि झाडाला धडकून एक दशांश सेकंदात थांबली. मागचा मोकळा २० किलोंचा कॅन त्या क्षणी साधारण सव्वादोनशे किलोंच्या जोराने पुढे येतो. समोर तुमच्या सीटची पाठ आणि तुमचं डोकं असतं. दरीकाठच्या वाटेवर गाडी कलंडली तर आतलं प्रत्येक मोकळं सामान माणसांवर पडतं. पट्टे घट्ट केल्यावर कॅन दोन्ही हातांनी हलवून बघा. पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून पुन्हा एकदा बघा, कारण हादऱ्यांनी सामान बसतं आणि पट्टा सैल पडतो.

जास्तीचं पेट्रोल बरोबर घ्यावं का?

महाराष्ट्रात जवळजवळ कुठेच गरज नाही. घाटमाथ्यावरच्या दोन दिवसांना टाकी पुरते, फक्त निघताना पूर्ण भरा आणि लो गिअरमध्ये गाडी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पिते हे लक्षात ठेवा. स्पिती-लडाखला जाताना खरंच लागलं तर धातूचा, रबरी वॉशरचं झाकण असलेला कॅनच घ्या, काठोकाठ भरू नका आणि माणसं बसतात त्या भागात ठेवू नका. पाण्याच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये पेट्रोल कधीच नाही. गॅसचा छोटा सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढून, उभा, बांधून.

दोन माणसं मागे उभी राहिली किंवा टपावर बसली तर? गावात तर सगळे बसतात.

बसतात, आणि पडतातही. काळी-पिवळीच्या मागे लोंबकळणाऱ्यांकडे दुसरा पर्याय नसतो. तुमच्याकडे आहे: दुसरी गाडी आणा किंवा दोघांना चालत येऊ द्या. जितक्या सीट, तितकीच माणसं, आणि प्रत्येकाला पट्टा. ‘इथे कच्च्या वाटेवर दहाच्या वेगाने काय होणार?’ हे वाक्य फार ऐकू येतं. दहाच्या वेगानेही गाडी कुशीवर पडते. पट्टा नसलेला माणूस तेव्हा खिडकीतून अर्धा बाहेर जातो आणि गाडी त्याच्या अंगावर येते. म्हणून हात, कोपर, डोकं बाहेर नको. लहान मुलांना टपातल्या खिडकीतून उभं करणं तर अजिबात नको, मागून कितीही सुंदर फोटो येत असला तरी.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

डांबरी रस्त्यावर दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो घ्या. कच्च्या वाटेला लागलात की कमी करा. साधारण ३० पीएसआयची सवय असेल तर खडी आणि दगडांच्या वाटेवर २४-२५, चिखलात २० च्या आसपास, मऊ वाळूत १६-१८. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त धरतो आणि दगडावर टणकन उडत नाही. हादरे कमी बसतात, तेवढा सामानालाही आराम.

दोन अटी आहेत. गाडी भरलेली असेल तर या आकड्यांपेक्षा दोन-तीन जास्तच ठेवा, नाहीतर टायरची बाजू दगडावर चिरते. आणि हवा कमी केल्यावर वेग ताशी ३०-४० च्या आत. १५ च्या खाली गेलात तर जोरात वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणून हवा भरायचा छोटा पंप आणि मोजायचा गेज बरोबर नसेल तर हवा सोडूच नका. कमी हवेच्या टायरवर महामार्गाने घरी येणं जिवावर बेततं: टायर तापतो आणि फुटतो.

फोर बाय फोर कधी लावायचं?

अडचण येण्याआधी. चाकं रुतल्यावर लावून तेवढा फायदा होत नाही. वाट खराब दिसली की फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद, नेहमीच्या गिअरमध्ये. उभा चढ, उतार, मोठे दगड, ओढा असेल तर गाडी थांबवून फोर लो, म्हणजे चारही चाकांना ताकद, लो गिअरमध्ये.

कोरड्या डांबरावर मात्र टू हाय, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांत पुढचे आणि मागचे ॲक्सल फोर बाय फोरमध्ये एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर निघत नाही. गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं आणि गिअरांवर ताण साठत जातो.

चढावर गाडी मधेच बंद पडली तर?

आधी चढ कसा घ्यायचा ते. खाली उतरून पायी वर जा. वर काय आहे, वाट लगेच वळते का, समोरून कोणी येतंय का, ते बघून या. मग फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, गाडी सरळ, एकसारखा थ्रॉटल, मधे गिअर बदलायचा नाही. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. दगडाला चाक आपटलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि अंगठा मोडतो.

बंद पडलीच तर क्लच दाबून, न्यूट्रल करून मागे घरंगळू देऊ नका, आणि वळवून खाली आणायचा प्रयत्न तर कधीच नको. चढावर गाडी आडवी झाली की ती लोळत खाली जाते. पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक वर, श्वास घ्या. मग फोर लोमध्ये रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा, ब्रेक हळूहळू सोडा आणि इंजिनच्या आधाराने सरळ मागे या. चाकं सरळ आहेत ना, हे बाहेर उभ्या असलेल्या एकाच माणसाने सांगायचं. चौघं ओरडले की चालक कोणाचंच ऐकत नाही.

उतारावर ब्रेक किती वापरायचा?

जितका कमी तितका बरा. फोर लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला, आणि गाडीला इंजिनच्या जोरावर उतरू द्या. ऑटोमॅटिक असेल तर हाताने खालचा गिअर निवडा. गाडीत उतारासाठीचं हिल डिसेंट कंट्रोल असेल तर ते लावा. ओल्या मातीत ब्रेक दाबून चाकं जाम झाली की गाडी घसरगुंडीसारखी जाते आणि स्टिअरिंगचं काही चालत नाही. मागचा भाग बाजूला सरकायला लागला तर मनाविरुद्ध वाटेल, पण ब्रेक सोडा, हलका थ्रॉटल द्या आणि पुढचं तोंड उताराच्या दिशेने सरळ करा.

न्यूट्रलमध्ये उतरणं डिझेल वाचवायचा उपाय आहे, असं अजूनही काहीजण मानतात. भरलेल्या गाडीत, घाटात, तो मरणाचा उपाय आहे.

आडवा उतार?

शक्य असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर टपावरचं सगळं खाली, माणसं उतरून वरच्या बाजूने चालत, आणि खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. गाडी सरकू लागली तर स्टिअरिंग खालच्या बाजूला वळवा.

ओढ्यातून गाडी काढू का? ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनीच सांगते.

सांगते, आणि खरंही आहे. थारचा आकडा ६५०, गुरखाचा ७००, तिला स्नॉर्केलही (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) कंपनीकडूनच येतो. पण ते आकडे संथ पाण्याचे, घट्ट तळाचे आणि हळू वेगाचे आहेत. इंजिनात पाणी कुठवर जात नाही, एवढंच ते सांगतात. वाहतं पाणी गाडी ढकलेल का, हे त्यात नाही.

पाणी गाडीला उचलतं. दारं बंद असलेल्या गाडीचा तळ साधारण पाच चौरस मीटर धरा. पाणी तळाच्या वर दर १० सेंटिमीटर चढलं की सुमारे ५०० लिटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे चाकांवरचं ५०० किलो वजन कमी होतं. दीड टनाची गाडी चाकांवर किती वेळ टिकेल, हिशेब सोपा आहे. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी सरकवतं, दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्ही वाहून नेतं. स्नॉर्केल असलेली गाडीही तितकीच तरंगते.

आता आपल्या सह्याद्रीचं. घाटमाथ्यावरचा ओढा दहा मिनिटांत बदलतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात ढग मोकळा झालेला असतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला; असं पाणी एका अरुंद घळीतून उतरतं तेव्हा काय होतं, ते कोकणाने त्याच आठवड्यात पाहिलं. म्हणून ओढ्याकाठी आधी थांबा. काठावरच्या एका दगडावर नजर ठेवून दहा मिनिटं बघत राहा. दगड बुडत चालला असेल, पाणी गढूळ होत असेल, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या असतील तर गाडी मागे वळवा. पलीकडे जाऊन परतायची वाट तीच असेल तर संध्याकाळच्या पाण्याचाही विचार करा.

पाणी संथ, तळ दिसतोय, गुडघ्याच्या खाली आहे, तर हातात काठी घेऊन एकाने चालत जाऊन बघायचं. जिथे माणूस निर्धास्त चालू शकत नाही तिथे गाडी घालायची नाही. मग काचा खाली, दारांची लॉकं उघडी, फोर लो, हळू आत शिरून एकसारखा वेग. पुढे लाट तयार होते, तिच्या मागेच राहायचं. मधे क्लच दाबायचा नाही. इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका: सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर चालता चालता ब्रेक हलका दाबून सुकवून घ्या.

फरशी पुलावरून पाणी जात असेल तर उत्तर एकच, थांबा. पाण्याखाली फरशी अजून आहे की नाही हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा पूल गेला, तेव्हा अंधारात आलेल्या एसटीच्या चालकांनाही पुढे पूल उरलेला नाही हे दिसलं नव्हतं.

काळ्या मातीचा चिखल?

पावसाळ्यात देशावरची काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होतं. चिखलात थांबायचं नाही, वेग आटोक्यात ठेवून एका दमात जायचं, स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवत राहायचं म्हणजे टायरची बाजू नवी पकड शोधते. ट्रॅक्टरची चाकोरी खोल असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवा, नाहीतर गाडी पोटावर टेकते. आणि भाताच्या खाचरातून, बांधावरून कधीच नाही. तो बांध कोणीतरी हाताने घातलेला असतो.

समुद्रकिनाऱ्यावर?

नको. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला मनाई आहे, अलिबाग-काशीदपासून सिंधुदुर्गापर्यंतही गाड्या अडकून पोलीस कारवाई झालेली आहे. ओली वाळू घट्ट दिसते, गाडी थांबली की चाकाखालून पाणी निघतं आणि ती बसते. त्यानंतर भरती तुमची वाट बघत नाही. वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वाळूत कासवांची अंडी असतात, ती वरून दिसतही नाहीत.

गाडी रुतली. आता?

थ्रॉटल सोडा. चाकं फिरवत राहिलात तर दर सेकंदाला खड्डा खोल होतो. उतरून बघा की गाडी नेमकी कशावर अडली आहे: चाकं फिरताहेत की पोट टेकलंय. पोट टेकलं असेल तर ओढण्याआधी खणावंच लागतं. टायरची हवा आणखी कमी करा, चाकापुढची माती फावड्याने उतरती करा, सपाट दगड किंवा ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली पकडीसाठी घालायची पाटी) घाला, माणसं आणि जड सामान उतरवा. निम्म्याहून अधिक वेळा गाडी एवढ्यावरच निघते, आणि नव्या लोकांना हेच खरं वाटत नाही. त्यांना दोर बाहेर काढायची घाई असते.

दोर लागलाच तर त्याला मान द्या. टोचन करायचा साधा पट्टा ताणत नाही, तो हळू ओढण्यासाठी. झटका देऊन काढायचं असेल तर ताणणारा कायनेटिक दोरच लागतो. साध्या पट्ट्याने किंवा साखळीने झटका दिला की काहीतरी तुटतं आणि लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो. दोर कुठे अडकवायचा, तर चॅसीला बोल्ट केलेल्या, ओढण्यासाठीच बनवलेल्या हुकला. बंपरला, ॲक्सलला, ट्रेलर ओढायच्या गोळ्याला नाही. तो गोळा तुटून काचेतून आत येतो आणि त्याने माणसं मेली आहेत. शॅकलवर टनांचा आकडा कोरलेला हवा, बाजारातली नुसती लोखंडी कडी नको. दोरावर मधोमध ओलं पोतं किंवा जाड घोंगडी टाका, म्हणजे तुटला तर खाली पडतो. बघणारे दोराच्या लांबीच्या दीडपट दूर. ओढताना दोन गाड्यांच्या मधे कोणीही नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

गावातून ट्रॅक्टर मागवला तर?

उत्तम. ट्रॅक्टरवाल्या दादांना चिखल तुमच्यापेक्षा जास्त कळतो, त्यांचं ऐका. फक्त साखळी कुठे अडकवायची ते तुम्ही दाखवा, कारण तुमच्या गाडीचा हुक त्यांना माहीत नसतो. ट्रॅक्टरच्याही खालच्या हुकलाच ती लावायची; वर, ॲक्सलच्या वर अडकवली तर ट्रॅक्टर पुढून उचलून उलटू शकतो. झटका न देता हळू. मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका: दिवसाचं काम सोडून ते आलेले असतात. शेताचं नुकसान झालं असेल तर ते स्वतःहून भरून द्या.

एकट्याने गेलो तर?

नवीन असाल तर नको. निदान दोन गाड्या, आणि घरी कोणालातरी वाट व परतायची वेळ सांगून. घाटात रेंज जाते. रेंज असेल तिथून ११२, आणि रुग्णवाहिकेला १०८.

मोठे टायर, बुलबार, विंच बसवू का?

बुलबार, म्हणजे गाडीपुढचा जाड लोखंडी दांडा, बसवू नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात असल्याचं राज्यांना कळवलंय, आणि समोर पादचारी आला तर त्याची इजा वाढते. कंपनीने दिल्यापेक्षा मोठे टायर घातले तर गाडी उंच होते, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी प्रश्न विचारते. पहिलं वर्षभर गाडी आहे तशी चालवा. पैसे चांगल्या टायरवर, पंपावर, दोरावर आणि एखाद्या प्रशिक्षणावर घाला.

कुठेही गाडी नेली तर चालते का?

नाही. कोयना, भीमाशंकर, राधानगरी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत. मंजूर रस्ता सोडून आत शिरणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरतो. कास पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो. त्यावरून एकदा चाक गेलं की तिथे पुढच्या पावसात फुलं येत नाहीत, पाणी साचतं. देवराईत गाडी नेऊ नका. ओढ्याच्या वरच्या अंगाला गावाचं पिण्याचं पाणी असेल तर तिथे चाकं धुऊ नका. नदीपात्रातून गाडी नेण्याचं कौतुकही संपायला हवं: डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये रस्त्यावरची गर्दी टाळायला एकाने थार थेट चंद्रा नदीतून नेली आणि पोलिसांनी चलान फाडलं.

परत आल्यावर गाडीला काय करायचं?

डांबर लागताच, महामार्ग गाठायच्या आधी, टायरची हवा पूर्ववत करा. रिमच्या आत चिखल अडकला असेल तर साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगला पळायच्या आधी पाण्याच्या फवाऱ्याने रिम आतून धुवा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल काढा.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सड्यांवरचं गवत वाळलेलं असतं. ते गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरभोवती गुंडाळलं जातं आणि पेटतं. डिझेल गाडीचा काजळी जाळणारा फिल्टर फार तापतो, म्हणून वाळल्या गवतात गाडी उभी करू नका आणि दर थांब्याला वाकून खाली बघा.

पाण्यातून गेला असाल तर दोन-चार दिवसांत डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सचं तेल बघून घ्या. प्लग उघडल्यावर तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय, ते तेल लगेच बदला. वाटेत वापरलेला दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, बोटांनी पूर्ण लांबी चाचपून बघा, आणि एखादी वेणी तुटलेली लागली तर तो दोर पुन्हा ओढायला वापरू नका. कापून सामान बांधायला घ्या.